अपयशाची बातमी कुणी सांगायची?

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राऊन जन्मली आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश आलं. टेस्ट ट्यूब बेबीचा इतिहास आपण असा जन्मतारखांनी सांगत आलो. पण ब्रिटनच्या नियामक संस्थेची २०१९ची आकडेवारी पाहिली तर पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांमध्येही गर्भाशयात सोडलेल्या शंभर भ्रूणांमागे जेमतेम ३२ बाळं जन्मली; चाळिशीनंतर हे प्रमाण झपाट्यानं घसरतं. म्हणजे वंध्यत्वाच्या दवाखान्यांत वाईट बातमी हा रोजच्या कामाचा भाग आहे. ती सांगण्याचं शिक्षण मात्र इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलं गेलं, आणि माझ्या मते ही या शास्त्राची सगळ्यात मोठी हयगय आहे.

कर्करोगाच्या डॉक्टरांनी हा प्रश्न आधी हाती घेतला. १९६१मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर रुग्णाला कॅन्सरचं निदान न सांगण्याकडे झुकलेले होते. १९७९पर्यंत चित्र उलटलं आणि ९७ टक्के सांगण्याच्या बाजूला आले. सांगायचं ठरल्यावर कसं सांगायचं, हे शिकवणं भाग पडलं. रॉबर्ट बकमन यांनी १९९२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि २००० साली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. अनुभवानं हे आपोआप येतं, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही ऐकू येतो. लेस्ली फॅलोफील्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ३४ केंद्रांतले १६० कर्करोगतज्ज्ञ घेऊन केलेला, २००२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास त्याला उत्तर देतो: तीन दिवसांच्या प्रशिक्षणानं संवाद खरोखर सुधारला, नुसत्या वर्षांच्या अनुभवानं नाही.

पण ही पद्धत जशीच्या तशी वंध्यत्वाच्या दवाखान्यात चालणार नाही. ‘स्पाइक्स’ची पहिली पायरी म्हणजे निवांत खोली, समोरासमोर बसणं. इथे बातमी बहुधा फोनवरून जाते. स्त्रीबीजं काढल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन येतो तो लॅबमधून: इतकी बीजं मिळाली, फलन एकाचंही झालं नाही. भ्रूण सोडल्यावर दोनेक आठवड्यांनी बीटाचा, म्हणजे गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट सांगते ती नर्स, आणि तेव्हा ती बाई ऑफिसात असेल की लोकलमध्ये, हे नर्सला ठाऊक नसतं. पुढे सोनोग्राफीत ठोके दिसत नाहीत, तेव्हा प्रोब हातात धरलेल्या माणसाचा चेहराच आधी बोलतो. एकाच जोडप्याला एका फेरीत अशी बातमी तीनदा मिळू शकते, दर वेळी वेगळ्या माणसाकडून.

यावर म्हटलं जातं की समुपदेशक आहे ना. वंध्यत्वाच्या अशा उपचारांसाठीच्या आपल्या २०२१च्या कायद्यानं यशाची शक्यता, खर्च आणि धोके समजावून सांगणारं समुपदेशन बंधनकारक केलं, ते फार चांगलं झालं. पण त्याचा भर उपचाराआधी द्यायच्या माहितीवर आहे. बातमी फुटते त्या क्षणी समुपदेशक तिथे नसतो. तो येईपर्यंत जे बोललं जायचं ते बोलून झालेलं असतं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून संवादकौशल्य आलं खरं, पण लॅबमधला एम्ब्रियॉलॉजिस्ट आणि फोन करणारी नर्स त्या वर्गात बसलेलीच नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गोड बोलून निकाल बदलत नाही, उलट खोटी आशा लावून आणखी एक फेरी विकली जाते. ही भीती रास्त आहे, विशेषतः जिथे खर्च बहुतेक वेळा जोडप्याच्याच खिशातून होतो तिथे. म्हणूनच प्रशिक्षणाचा गाभा मऊ शब्द हा नसावा. फोन कुठल्या वेळी केलेला चालेल, हे आधीच विचारून ठेवणं, ‘निगेटिव्ह आहे’ हे पहिल्या दोन वाक्यांत स्पष्ट सांगणं, मग थांबणं, पुढच्या फेरीचा विषय त्याच फोनवर न काढणं, शुक्राणू नसल्याचा रिपोर्ट सासूबाईंसमोर न उघडणं. यातलं प्रत्येक काम रुग्णाच्या भूमिकेत नट समोर बसवून, टेलिफोन हातात देऊन शिकवता येतं, आणि ते आधी रिपोर्ट कळवणाऱ्यांना शिकवलं पाहिजे, मग मोठ्या डॉक्टरांना.