सुट्या तुकड्याचे मोल

जोडणीच्या खेळण्यांचे पूर्णत्व त्यांच्या सर्वांत लहान तुकड्यावर अवलंबून असते. बाहुलीचा एक बूट हरवला तरी बाहुलीशी खेळता येते. चेंडूचा रंग उडाला तरी चेंडू उसळतो. परंतु शेकडो ठोकळ्यांच्या आगगाडीतील चाकाचा एक आस सापडेनासा झाला, की ती गाडी रुळावर उभीच राहत नाही. मग संच कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि मूल नव्या संचाचा हट्ट धरते. अशा वेळी कुटुंबापुढे प्रश्न येतो : काही हजारांचा संच पुन्हा घ्यावा, की तेवढा एक तुकडा मिळवावा? तो कोठे मिळतो, आणि त्याचा रास्त भाव कोणता? ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी चालत आली आहे, त्यांना या प्रश्नामागील व्यवहार समजण्यास वेळ लागणार नाही. घाऊक आणि किरकोळ, चालता माल आणि पडून राहणारा माल यांचाच हा व्यवहार आहे.

मेकॅनोची पद्धत

सुटे भाग विकण्याची ही रीत शतकाहून जुनी आहे. लिव्हरपूल येथील एका मांस आयात करणाऱ्या पेढीत हिशेबनीस असलेल्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. पुढे १९०७ मध्ये त्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. हे नाव इतके रुळले, की आपल्याकडेही पट्ट्या आणि नट-बोल्टच्या कोणत्याही खेळण्याला सरसकट मेकॅनोच म्हटले जाऊ लागले.

दोन भोकांतील अंतर सर्वत्र अर्धा इंच ठेवलेले असल्यामुळे कोणताही भाग कोणत्याही भागाशी जुळत असे. प्रत्येक भागाला क्रमांक होता. साडेबारा इंची पट्टी क्रमांक १, तर नट-बोल्टचा क्रमांक ३७. या क्रमांकांची किंमतवार यादी छापली जाई आणि दुकानदार लहान खणांच्या कपाटातून सुटे भाग काढून देत. शिवाय पुरवणी संच असत. लहान संच असलेल्याने ठरावीक पुरवणी घेतली, की त्याचा संच पुढच्या क्रमांकाच्या संचाइतका होई. त्यामुळे एकदा केलेली खरेदी वाया जात नसे आणि गिऱ्हाईक त्याच दुकानात पुन्हा येई. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. तरी त्या काळचे भाग आजही जुन्या क्रमांकांनीच ओळखले आणि विकले जातात.

ठोकळ्यांचे राज्य

आज या क्षेत्रात सर्वांत मोठे नाव डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे आहे. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये बिलुंड या गावी तिची सुरुवात केली. वर उंचवटे आणि आत पोकळ नळ्या अशी ठोकळ्याची आजची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली गेली. त्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही घट्ट बसतो. आजीच्या काळातील डब्यातला तुकडा नातवाच्या संचात चालतो, तो याचमुळे.

येथेही ओळख पटते ती क्रमांकाने. दोन बाय चार उंचवट्यांच्या ठोकळ्याचा आकार-क्रमांक ३००१ आहे. बहुतेक तुकड्यांच्या तळाशी असा क्रमांक बारीक अक्षरांत कोरलेला असतो. आकार आणि रंग मिळून आणखी एक स्वतंत्र क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ३००१२१ म्हणजे तोच ठोकळा लाल रंगात. हा क्रमांक हाती आला, की वर्णन करीत बसावे लागत नाही.

तुकडा मिळण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. नव्या संचात तो कमी निघाला, तर कंपनीची ग्राहकसेवा तो विनामूल्य पाठवते. खेळताना हरवला, तर कंपनीच्या संकेतस्थळावरील सुट्या तुकड्यांच्या विभागातून, ज्या देशांत ती सेवा आहे तेथे, विकत घेता येतो. मात्र सध्या उत्पादनात असलेलेच तुकडे तेथे असतात. तिसरा मार्ग खुल्या बाजाराचा. डॅन जेझेक यांनी २००० साली सुरू केलेल्या ‘ब्रिकलिंक’ या संकेतस्थळावर जगभरचे लहान विक्रेते आपापली दुकाने मांडून बसले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच हा बाजार विकत घेतला.

भाव कशाने ठरतो?

प्लास्टिकच्या वजनाचा आणि सुट्या तुकड्याच्या किमतीचा फारसा संबंध नसतो. ब्रिकलिंकवर प्रत्येक तुकड्यापुढे गेल्या सहा महिन्यांत झालेल्या विक्रीचा सरासरी भाव, नव्याचा निराळा आणि वापरलेल्याचा निराळा, दिसतो. एखाद्या बाजार समितीच्या फलकासारखाच तो भाव सर्वांना खुला असतो. तो पाहिल्यास असे दिसते, की साधा लाल ठोकळा अतिशय स्वस्त आहे, तर नेमका तोच आकार एखाद्या दुर्मीळ रंगात असला तर त्याच्या अनेक पट महाग. ज्या रंगात तो आकार एकाच संचात आणि थोडाच काळ निघाला, त्याचा पुरवठा तेथेच थांबलेला असतो.

रंग बदलल्यानेही भाव बदलतो. २००४ च्या सुमारास लेगोने आपला जुना करडा रंग बदलून निळसर छटेचा करडा आणला. त्यामुळे जुन्या किल्ल्याच्या भिंतीत नवा करडा ठोकळा बसतो खरा, पण ठिगळासारखा उठून दिसतो. जुन्या छटेचाच हवा असेल तर तो जुन्या साठ्यातूनच शोधावा लागतो.

खुल्या बाजारातील अनेक विक्रेते नवा संच घेऊन तो फोडतात आणि त्यातील तुकडे वेगवेगळे विकतात. छोट्या मानवी आकृत्यांना चांगला भाव येतो. साधे ठोकळे मात्र खणांत पडून राहतात. म्हणून मागणीच्या तुकड्याच्या किमतीत न खपलेल्या तुकड्यांचा भारही मिसळलेला असतो. त्यावर निवडणे, मोजणे, पिशवीत भरणे आणि नोंद ठेवणे यांचे श्रम. दहा पैशांच्या प्लास्टिकसाठी दहा रुपये का द्यावेत, असे म्हणणाऱ्याने हे श्रम ध्यानात घ्यावेत.

फार प्रकारांचे ओझे

अधिक प्रकार ठेवणे म्हणजे अधिक विक्री, असा समज अनेक दुकानांत असतो. लेगोलाही तो एकेकाळी महागात पडला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीने नवनवे आकार आणि रंग काढले व तुकड्यांच्या प्रकारांची संख्या काही वर्षांतच जवळजवळ दुप्पट झाली. प्रत्येक नव्या आकारासाठी महागडा पोलादी साचा, प्रत्येक रंगासाठी वेगळा साठा. २००३ आणि २००४ या वर्षांत कंपनीला प्रचंड तोटा झाला. या एकाच कारणाने तो झाला नसला, तरी त्यात याचा वाटा मोठा होता. २००४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प यांनी प्रकारांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटवली. जो तुकडा अनेक संचांत वापरला जातो, तो स्वस्त पडतो आणि हरवल्यास सहज मिळतो. जो एकाच संचासाठी घडवला जातो, तो बनवणाऱ्यालाही महाग आणि शोधणाऱ्यालाही.

पर्यायी माल

मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. ठोकळ्याच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळवण्याचे लेगो समूहाचे प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केले. म्हणून इतर उत्पादकांचे जुळणारे ठोकळे उघडपणे विकले जातात. साध्या ठोकळ्यासाठी ते चालतात. पण पकड आणि रंग नेमके जुळतीलच असे नाही. दुसऱ्याचे नाव वा चिन्ह छापून विकलेला माल ही मात्र निराळी गोष्ट आहे. तो नकली होय आणि प्रामाणिक दुकानात त्याला जागा नसावी.

भारतात आणखी एक हिशेब करावा लागतो. खेळणी आणि त्यांचे भाग यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हही सक्तीचे झाले. समजा, परदेशी विक्रेत्याकडील तुकडा १५ रुपयांचा आहे आणि टपालखर्च ९०० रुपये. तर तुकड्याचा भाव निम्मा झाला तरी फरक पडत नाही. एक तुकडा मागवणे म्हणजे पोस्टमनची मजुरी विकत घेणे होय.

घरातील व्यवस्था

म्हणून काही साध्या सवयी उपयोगी पडतात. संचासोबतची पुस्तिका जपावी; तिच्या शेवटच्या पानांवर बहुधा सर्व तुकड्यांची क्रमांकांसह यादी असते. गेल्या बऱ्याच वर्षांतील लेगो संचांच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. तुकडा हरवताच मागणी न नोंदवता यादी करावी आणि नात्यातील दोन-तीन घरांची गरज एकत्र करून एकाच विक्रेत्याकडून मागवावे. टपालखर्च वाटला जातो. बाहेरून न दिसणाऱ्या जागी दुसऱ्या रंगाचा ठोकळा लावून चालते. खेळ संपल्यावर तुकडे चादरीवरून एकत्र उचलून डब्यात भरण्याची सवय मुलांना लावावी. तीन वर्षांखालील मूल घरात असेल, तर बारीक तुकडे गिळले जाण्याचा धोका असल्याने ही शिस्त अधिकच आवश्यक.

आणि भेट म्हणून नवा संच घेताना दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘याचे सुटे भाग मिळतात का?’ ज्याचे भाग मिळतात तो संच थोडा महाग पडला तरी भावंडांत आणि पुढच्या पिढीत चालत राहतो. ज्याचे मिळत नाहीत, तो स्वस्त असला तरी पहिला तुकडा हरवेपर्यंतच त्याचे आयुष्य.