धुकं रंगवायचं नसतं, राखायचं असतं!

दुपारची झाकपाक झाली, की तास-दीड तास आपला असतो. मैत्रिणींनो, त्या वेळात हल्ली मी जलरंग घेऊन बसते. निमित्त झालं माहेरचं. कोकणातलं आमचं कौलारू घर गेल्या वर्षी विकलं. घराचे फोटो पुष्कळ होते. पण श्रावणातल्या सकाळी मागचा डोंगर धुक्यात कसा विरून जायचा, ते एकाही फोटोत नव्हतं. म्हटलं, आपणच काढावं.

“जलरंग म्हणजे शाळकरी मुलांचं काम!” इति आमचे ‘हे’. मी त्यांना हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं ते प्रसिद्ध चित्र दाखवलं. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं ते चित्र सावळाराम हळदणकरांनी जलरंगातच केलंय.

तरी माझे पहिले चार कागद वायाच गेले. धुक्यासाठी मी पांढरा रंग थापत होते आणि डोंगर चुना फासल्यासारखा दिसत होता. मग उमगलं, जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद.

आता माझी रीत सांगते. 300 ग्रॅमचा जाड कागद फळीवर चिकटपट्टीनं बसवा. रंग तीनच पुरेत: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. पहिल्या दोन्हींच्या मिश्रणातून पावसाळी करडा रंग छान मिळतो. कागद स्वच्छ पाण्यानं ओला करून आभाळाची पातळ छटा द्या. डोंगराचा माथा निळसर करड्यानं काढा आणि पायथ्याकडे नुसत्या ओलसर ब्रशनं रंग विरवत न्या. तिथे कागद जवळजवळ कोराच राहू द्या. तेच आपलं धुकं. रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून अंमळ गडदच घ्यावा.

कागदावरची ओली चमक गेली, की मात्र हात आवरा. अर्धवट वाळल्या जागी पाण्यानं भरलेला ब्रश लागला, की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात कुकर लावून घ्यावा. कागद पूर्ण वाळला, की मगच घर, माड, कुंपण काढा. जवळचं ते गडद आणि ठसठशीत.

पाचवं चित्र आईला दाखवलं. चष्मा पुसून तिनं ते बराच वेळ न्याहाळलं.

“विहीर कुठाय गं?”

“धुक्यात आहे, आई.”

“हो, सकाळी दिसायचीच नाही,” ती म्हणाली. चित्र आता तिच्या उशाशी आहे.