अंगकोरचं पाणी

अंगकोर वाटला जाणारे बहुतेक प्रवासी पहाटे साडेचारला हॉटेलमधून निघतात, अंधारात खंदक ओलांडतात, आतल्या एका छोट्या तळ्याच्या काठी गर्दीत उभे राहतात आणि पाच शिखरांमागून वर येणाऱ्या सूर्याचा, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट, फोटो काढतात. मग न्याहारीला परत. नंतर झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोम, हसऱ्या चेहऱ्यांचं बायोन, आणि दुसऱ्या दिवशी हनोईचं विमान. ‘व्हिएतनाम-कंबोडिया, दहा दिवस’ अशा सहलीत अंगकोरच्या वाट्याला दीड दिवस येतो. आपल्या मंडळातली सात-आठ कुटुंबं तरी अशी जाऊन आली आहेत आणि त्यांचे फोटो सुंदरच आहेत. पण अंगकोरमधलं सर्वांत मोठं बांधकाम त्या फोटोंत बहुधा नसतं. ते म्हणजे तिथलं पाणी.

मी इथल्या विद्यापीठात जन्मभर जलविज्ञान शिकवलं. त्यामुळे नजर कायमची बिघडलेली. देवळात गेलो तरी हा माणूस आधी पन्हळ कुठे आहे ते बघतो, अशी आमच्या सौ.ची जुनी तक्रार आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळी उरकून आम्ही दोघं निघालो आणि सिएम रीप गावात आठ दिवस मुक्काम केला. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, सात दिवसांचं ७२. सात दिवसांचं तिकीट महिनाभरात कधीही वापरता येतं, त्यामुळे मधे एखादा दिवस गुडघ्यांना सुट्टी देता येते. आमच्या वयाला हा हिशेब सोयीचा.

मराठी माणसाला तिथली नावं फार परकी वाटू नयेत. ‘अंगकोर’ हे ‘नगर’ या शब्दाचंच ख्मेर रूप. ‘वाट’च्या मुळाशी संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपला ‘वाडा’ त्याच घराण्यातला. आणि राजांनी बांधलेल्या तलावांची नावं तर सरळ आपली: इंद्रतटाक, यशोधरतटाक, जयतटाक. इंद्रवर्मा राजा इसवी सन ८७७ मध्ये गादीवर आला. आजपासून पाच दिवसांत खोदकामाला सुरुवात करीन, अशी त्याची प्रतिज्ञा शिलालेखात नोंदलेली आहे. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांची सवय असलेल्या आपल्याला हे वाचून हसू येतं, पण त्याने तलाव खरोखर केला.

तलाव इतके का लागले? उत्तरेला कुलेन नावाचा डोंगर आहे, पाचशे मीटरच्या आतबाहेर उंचीचा. दक्षिणेला तोनले साप हे अवाढव्य सरोवर. मधलं मैदान इतकं सपाट की उतार किलोमीटरला साधारण एक मीटर. पाऊस आपल्यासारखाच मोसमी: पाच-सहा महिने धो धो आणि मग महिनोन् महिने थेंब नाही. या मैदानावर बाराव्या-तेराव्या शतकात सात ते नऊ लाख माणसं राहत असावीत, असा संशोधकांचा अलीकडचा अंदाज आहे. लंडन तेव्हा लाखाच्याही खाली होतं.

ख्मेर लोक मोठ्या तलावाला ‘बाराय’ म्हणतात. पश्चिम बाराय अकराव्या शतकातला, जवळजवळ आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून थोडा अधिक रुंद. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क त्यात चार-पाच वेळा बसेल. गंमत अशी की हा तलाव मुख्यतः खोदलेला नाही. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे प्रचंड बांध घातले आणि मधे पाणी धरलं. त्यामुळे पाणी आजूबाजूच्या शेतापेक्षा वर राहतं आणि बाहेर काढायला मोट, रहाट काही लागत नाही. बांधाला तोंड केलं की ते आपल्या वजनाने भाताच्या खाचरात जातं. साठा सुमारे पाच कोटी घनमीटर. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, म्हणून तिथे बांधावर बसून मी एक हिशेब केला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. पश्चिम बारायइतकं पाणी आणायला तशा वीस हजार खेपा लागल्या असत्या. हा तलाव हजार वर्षांनंतर आजही बराचसा भरलेला असतो. रविवारी गावकरी तिथे पोहायला येतात, काठावरच्या खोपटांत भाजलेले मासे खातात. परदेशी पाहुणा मात्र आम्हाला जवळपास दिसला नाही.

हे तलाव शेतीसाठी होते की राजाच्या पुण्यासाठी, यावर विद्वानांत बरीच वर्षं वाद झाला. बेर्नार-फिलिप ग्रोसलिए या फ्रेंच संशोधकाने अंगकोरला पाण्यावर चालणारं शहर म्हटलं. पुढच्या पिढीतल्या काहींनी ते खोडून काढलं, म्हणाले बाहेर पाणी सोडायची सोयच दिसत नाही. मग विमानातून लेसर किरण सोडून जंगलाखालची जमीन मोजण्याचं तंत्र आलं. २०१२ च्या त्या मोजणीने जुनं शहर किती दूरवर पसरलं होतं ते दाखवलं, आणि तलावांत पाणी येण्या-जाण्याच्या वाटाही एव्हाना जमिनीवर सापडल्या होत्या. मला या वादाचंच नवल वाटतं. आपल्याकडे विहीर बांधणारा माणूस पुण्यही मिळवत होता आणि पाणीही. पश्चिम बारायच्या मधल्या बेटावर १९३६ मध्ये शेषशायी विष्णूच्या एका प्रचंड कांस्यमूर्तीचे अवशेष मिळाले. पाण्यावर निजणारा देव तलावाच्या मधोमध ठेवणाऱ्याला खालच्या शेतकऱ्याची आठवण नसेल, हे मला पटत नाही.

आता अंगकोर वाटकडे येऊ. भोवतीचा खंदक १९० मीटर रुंद आहे आणि त्याचा घेर पाच किलोमीटरांहून जास्त. लोक त्याला शोभा किंवा संरक्षण समजतात. पण हे लाखो टन दगडाचं देऊळ खडकावर उभं नाही. त्याचा पाया चोपून घट्ट केलेल्या वाळूचा आहे. समुद्रकिनाऱ्यावर चाललेल्या कुणालाही ठाऊक आहे की ओली वाळू पाऊल पेलते आणि कोरडी वाळू सरकते. जमिनीतल्या पाण्याची पातळी फार खाली गेली नाही तर पाया शाबूत राहतो आणि ती पातळी राखायला खंदक मदत करतो. देऊळ एका अर्थी पाण्यावर उभं आहे.

आणि इथेच आपला, म्हणजे प्रवाशांचा, संबंध येतो. कोविडच्या आधी वर्षाला वीस लाखांहून जास्त परदेशी माणसं अंगकोरला येत होती. त्यांच्यासाठी सिएम रीपमध्ये शेकडो हॉटेलं उभी राहिली, बहुतेकांना पोहण्याचा तलाव, दिवसातून दोनदा आंघोळ, रोज धुतलेल्या चादरी. त्यातलं पुष्कळ पाणी वर्षानुवर्षं खोल विहिरींतून पंपाने उपसलं गेलं. ज्या वाळूवर देवळं उभी आहेत त्याच वाळूतलं पाणी. तज्ज्ञ याचा इशारा बराच काळ देत आहेत, आणि गावाला भूजलाऐवजी दुसरीकडून पाणी पुरवण्याची कामंही झाली आहेत, होत आहेत. आमच्या हॉटेलात मी व्यवस्थापकाला विचारलं, पाणी नळाचं की विहिरीचं? त्याने अतिशय नम्रपणे विषय बदलला. सौ. म्हणाल्या, “आता सुट्टीवर आहात.”

सौ.ंना बघायचं होतं समुद्रमंथन. पूर्वेकडच्या दालनात ४९ मीटर लांब कोरीव पट्टी आहे: एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधे विष्णू, खाली कूर्म आणि वासुकीचा दोर. आपल्या दिवाळीतली लक्ष्मी आणि धनत्रयोदशीचा धन्वंतरी, दोघंही याच मंथनातून आले. आम्ही तिथे दीड तास होतो. तेवढ्या वेळात सहलींचे चौदा गट येऊन गेले, हे मी मोजलं. या दालनाच्या छतातून पाणी झिरपून क्षार कोरीव कामावर उतरत होते. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने छत उतरवून पुन्हा बसवलं आणि मूळ ख्मेर गवंड्यांनी पावसाचं पाणी काढून देण्यासाठी केलेली सोय पुन्हा चालती केली. ते काम २०१२ मध्ये संपलं. पन्हळ बघणाऱ्या माणसाची बाजू थोडी तरी बळकट झाली.

एवढी व्यवस्था मोडली कशी, ते पाहायला स्पिआन थ्मा या जुन्या पुलाकडे जावं. ता केओ देवळाजवळ रस्त्याला लागूनच आहे, पण बस तिथे थांबत नाही. पाडलेल्या देवळांचे दगड वापरून बांधलेला हा पूल आज कोरड्यात उभा आहे आणि नदी त्याला वळसा घालून बाजूने, कित्येक मीटर खोल, वाहते. मी विद्यार्थ्यांना तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवायचो ते इथे दगडात दिसलं. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून कळतं की चौदाव्या शतकाच्या मध्यापासून या भागात दशकानुदशकं टिकणारे दुष्काळ पडले, आणि मधूनच भयंकर पावसाची वर्षं आली. कोरड्या काळासाठी बदललेल्या कालव्यांत मग पूर घुसले, काठ तुटले, गाळ साचला. शेकडो कालवे एकमेकांत गुंतलेले. एक फुटला की त्याचा भार दुसऱ्यावर. सयामच्या फौजांनी १४३१ च्या सुमारास अंगकोर घेतलं असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. ते खरंच आहे, पण फौजा येईपर्यंत पाण्याने आपलं काम बरंचसं केलं होतं.

आमचा टुकटुकवाला पन्नाशीचा होता. मला ‘लोक ता’ म्हणायचा, म्हणजे आजोबा. पाण्यात मला इतका रस आहे हे पाहून एका संध्याकाळी तो म्हणाला, “माझ्या आईनेही तलाव बांधलाय.” ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, अंगकोरची थोरवी सांगत लोकांना कालवे आणि धरणं खोदायला जुंपलं होतं. सिएम रीपच्या वायव्येला त्रापेआंग थ्मा नावाचा मोठा जलाशय तसाच झाला. उपासमारीने आणि मारहाणीने तिथे हजारो माणसं मेली. त्याची आई कावडीने माती वाहायची. आज तिथे सारस क्रौंचांचं अभयारण्य आहे. तो जलाशय बघायला जाऊ या का, असं मी विचारलं. आई तिकडे पुन्हा कधी गेली नाही, एवढंच तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. मीही मग तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी पश्चिम बारायच्या बांधावरून चालताना ती माती कुणी वाहिली असेल, हा प्रश्न सुटेना. शिलालेखात राजाचं नाव आहे.

कार्तिकी पौर्णिमा आम्हाला तिथेच आली. ख्मेर पंचांगात त्या महिन्याचं नाव ‘कदेक’, म्हणजे आपला कार्तिकच. त्या पौर्णिमेला पाण्याचा सण असतो, नॉम पेनला लांबलचक होड्यांच्या शर्यती होतात. रात्री चंद्राला नमस्कार करून ‘अंबोक’ खातात. आमच्या टुकटुकवाल्याने केळीच्या पानात बांधून आणला. उघडलं तर काय, पोहे! नव्या भाताचे, भाजून कांडलेले, केळ्याबरोबर आणि नारळपाण्याबरोबर खायचे. सौ.नी सोबत आणलेला चिवडा त्याला दिला. त्याने तो कौतुकाने खाल्ला आणि ‘तिखट’ अशी खूण केली.

हा सण नदीच्या दिशा बदलण्याचा आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी तोनले साप नदीतून उलटं वर चढतं आणि सरोवरात शिरतं. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं सरोवर तेव्हा पंधरा हजारांपर्यंत पसरतं. पाऊस सरला की नदी पुन्हा उताराला लागते आणि गाळ, मासे मागे सोडते. कंबोडियाच्या ताटातला मासा मोठ्या प्रमाणात या उलट्या पाण्यावर अवलंबून आहे. २०१९ आणि २०२० मध्ये पाऊस उशिरा आणि कमी आला, वरच्या देशांत मेकाँगवर धरणंही झाली आहेत, आणि उलटा प्रवाह त्या वर्षी फार कमजोर पडला. सरोवराकाठच्या तरंगत्या गावातला एक कोळी घराच्या खांबावरच्या खुणा आम्हाला दाखवत होता: हे त्याच्या लहानपणी, हे अलीकडे. दोन्हींत माझ्या उंचीएवढं अंतर होतं.

ज्यांचे पाय अजून चालतात त्यांनी कबाल स्पिआनला जावं. दीड किलोमीटर चढण आहे. तिथे ओढ्याच्या तळातल्या खडकात शेकडो शिवलिंगं कोरलेली आहेत आणि पाणी त्यांच्यावरून वाहत खाली अंगकोरकडे जातं. आम्ही दर शंभर पावलांवर बसत बसत गेलो.

ज्यांना चढण नको त्यांच्यासाठी नेआक पोआन. जयवर्मा सातवा, ज्याने १०२ आरोग्यशाळा चालवल्याचा लेख ता प्रोमला मिळाला, त्याने जयतटाकाच्या मधोमध हे छोटं देऊळ बांधलं. मधे एक कुंड, भोवती चार. हत्ती, घोडा, सिंह आणि माणूस यांच्या मुखांतून पाणी पडायची सोय, आपल्या गोमुखासारखी. तो साडेतीन किलोमीटरचा तटाक शतकानुशतकं कोरडा होता. अंगकोरची व्यवस्था बघणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने जुने कालवे मोकळे करून तो अलीकडे पुन्हा भरला, शहरातला पूर कमी व्हावा आणि जमिनीत पाणी मुरावं म्हणून. आता देवळाकडे लाकडी पुलावरून जावं लागतं आणि दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं, कमळं, पाणकोंबड्या. आपल्यापैकी कुणी या हिवाळ्यात जाणार असेल तर पुलाच्या तिसऱ्या-चौथ्या खांबापाशी पाणी फळीपासून किती खाली आहे ते तेवढं बघून या, आणि मला फोन करा. आम्ही गेलो तेव्हा हातभर होतं.