देवास गेट ते आइसलंड : एका प्रवासाची आखणी

देवास गेटजवळ राहणाऱ्या माणसाला प्रवासाची आखणी करण्याची सवय नसते. बसस्थानक हाकेच्या अंतरावर, रेल्वेस्थानक समोर. इंदूरची एक बस चुकली तर दुसरी मिळते, आणि तीही गेली तर गाडी असतेच. निवृत्तीपूर्वी एकदा आइसलंड पाहावयाचे असे घरात ठरले, तेव्हा जेथे प्रवासी रेल्वे मुळीच नाही अशा देशाचा बेत मी याच सवयीने मांडावयास बसलो. तो पहिला कागद पुढे फाडून टाकावा लागला.

त्या कागदावर मी चारधाम यात्रेच्या धर्तीवर मुक्काम लिहिले होते. बेटाला वळसा घालणारा एक मुख्य रस्ता आहे, सुमारे १,३२० किलोमीटरचा. उज्जैनहून मुंबईस जाऊन परत यावे, साधारण तितका. आठ दिवसांत प्रदक्षिणा सहज होईल, असा माझा हिशेब. परंतु हा रस्ता पुरा झाला तोच १९७४ साली, कारण दक्षिणेकडील हिमनद्यांच्या वाळवंटी पात्रांवर पूल बांधणे तोवर साधले नव्हते. पुढे १९९६ साली वात्नायोकुल या प्रचंड हिमस्तराखाली ज्वालामुखी जागा झाला, बर्फ वितळून महापूर आला आणि त्यांपैकी काही पूल वाहून गेले. तात्पर्य, रस्ता एकच. वादळाने तो एखाद्या ठिकाणी बंद झाला की दुसरी वाट बहुधा नसते; थांबावे, नाहीतर आल्या वाटेने परत फिरावे. ज्याच्या परतीच्या विमानाची तारीख ठरलेली आहे, त्याने हे ध्यानात ठेवून मुक्काम मोजावेत.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. शिक्षकाची मोठी सुट्टी उन्हाळ्यात; म्हणून मे-जून हे महिने मी न विचारताच धरले होते. सौभाग्यवतींनी मात्र एकच गोष्ट मागितली होती : आकाशात नाचणारा तो हिरवा ध्रुवीय प्रकाश. बाकी धबधबे-डोंगर तुम्ही म्हणाल ते.

आता आमची वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली. कर्कवृत्त येथून अगदी जवळ, त्यामुळे २१ जूनला भर दुपारी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. शाळेतील मुलांना घेऊन मी अनेक वर्षे तेथे उभा राहिलो आहे, दिनमानाचे गणित फळ्यावर सोडवून दाखविले आहे. त्याच दिवशी रेक्याविक येथे सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पहाटे तीनच्या आधीच उगवतो. मधल्या वेळात आकाश काळे होतच नाही. आणि आकाश काळे नसेल, तर ध्रुवीय प्रकाश असूनही दिसावयाचा नाही. मुलांना शिकविलेले हे गणित स्वतःच्या घरात मला सुचले नाही. सुनेने ते दाखवून दिले तेव्हा सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, मग तुमच्या सुट्टीत जायचे की माझ्या प्रकाशासाठी?"

डिसेंबर-जानेवारीत रात्र भरपूर, पण दिवस चार-पाच तासांचा, रस्त्यावर बर्फ, आणि माझ्या शाळेत परीक्षांची लगबग. शेवटी ऑक्टोबरचा पूर्वार्ध निवडला. दिवस सुमारे दहा-अकरा तासांचा, रात्र पुरेशी काळी. अर्जित रजा काढावी लागेल. बेटाच्या मध्यभागातील डोंगरी रस्ते तोवर बंद होऊ लागतात, त्यांचा मोह सोडला. प्रदक्षिणाही सोडली. रेक्याविकपासून दक्षिण किनाऱ्याने योकुल्सारलोन या हिमखंडांच्या सरोवरापर्यंत जाणे व त्याच वाटेने परतणे, एवढाच बेत राहिला. इ.स. ९३० मध्ये जेथे त्या लोकांची सभा प्रथम भरली, ते थिंगवेलिर वाटेवर थोडेसे आत आहे. मराठीच्या मास्तराला हिमखंडांपेक्षा त्याचीच ओढ अधिक. त्या लोकांना बहुधा आडनाव नसते, वडिलांच्या नावावरूनच ओळख चालते, हे वाचून आपल्या तीनपदरी नावांची आठवण झाली.

मुलगा गाडी चालविणार. तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने जावयाचे असते, त्याचा सराव कोठे करणार? पहिला दिवस त्याने शहराबाहेर रमतगमत काढावा असे ठरले आहे. थंडीची मला मोठी धास्ती होती. ती वाऱ्याची बाळगावयास हवी होती, हे मागाहून कळले. ऑक्टोबरात किनाऱ्यावर पारा बहुधा शून्याच्या वर असतो, पण वारा गाडीचे दार बिजागरीतून उपटू शकतो. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, दार दोन्ही हातांनी धरून उघडावे. छत्री घरीच ठेवावी. वारा-पाऊस अडविणारा अंगरखा हवा, त्याच्या आत लोकरी कपडे.

वीक गावाजवळील रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर शांत दिसणारा समुद्र एकाएकी एक लांब लाट आत फेकतो. तेथे प्रवासी ओढले जाऊन मरण पावले आहेत. छायाचित्रासाठी समुद्राकडे पाठ करावयाची नाही, अशी ताकीद मी सर्वांना लेखी दिली आहे. घरातील मंडळी हसली; हसोत.

शाकाहाराची चिंता थोडी कमी झाली आहे. भूगर्भातील उष्णतेवर चालणाऱ्या काचगृहांत तेथे टोमॅटो-काकड्या पिकतात, दह्यासारखे स्कीर मिळते, आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेतली की आमची खिचडी होईल. नळाचे थंड पाणी निर्धास्त प्यावे. गरम पाण्याला कोठे कोठे गंधकाचा वास येतो.

नऊ रात्रींपैकी दोन रात्री मोकळ्या ठेवल्या आहेत. ढग आले, रस्ता बंद झाला, तर त्या उपयोगी पडतील. तरीही प्रकाश दिसेलच असे कोणी सांगू शकत नाही. सौ. ना हे मी दोनदा सांगितले आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि लोकर विणावयास घेतली.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत करता येतो, व किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परंतु सरकारी नोकराला त्याआधी परदेशगमनाची परवानगी हवी. तो अर्ज परवाच दिला. त्यात दिवाळीपूर्वीच्या तारखा का, असे कार्यालयातील लिपिकाने विचारले. मी त्याला कर्कवृत्तापासून समजावू लागलो, तेव्हा त्याने शिक्का मारून कागद पुढे सरकविला.