चेहरा ही कडी, पिन हे कुलूप



आमच्या बचत गटाच्या कोषाध्यक्ष ताई एका दुपारी जरा आडव्या झाल्या होत्या. पुतण्यानं त्यांचा फोन उचलला, झोपलेल्या ताईंच्या तोंडासमोर धरला, आणि फोन उघडला! पोरानं नुसता गेम खेळला. पण त्याच फोनवर गटाच्या बँकेचे मेसेज आणि ओटीपी येतात. आम्ही सगळ्याच दचकलो. मग हे फेस अनलॉक चालतं कसं, ते समजून घेतलं.

पहिल्यांदा चेहरा दाखवला की फोन त्याची आकड्यांत नोंद करतो. पुढे दर वेळी समोरचा चेहरा त्या नोंदीशी ताडून बघतो. पुरेसा जुळला, की उघडतो.

आता फरक कुठे आहे? २०१७ साली आलेल्या आयफोन टेनपासून बहुतेक आयफोनमध्ये डोळ्यांना न दिसणारे ३० हजारांहून जास्त प्रकाशाचे ठिपके चेहऱ्यावर पडतात. त्यातून नाकाचा उंचवटा, डोळ्यांची खोबण कळते. म्हणून साधा फोटो तिथे चालत नाही. पण आपल्या हातातल्या बऱ्याच स्वस्त फोनांत हे काम सेल्फीचा कॅमेराच करतो. त्याला दिसतं ते सपाट चित्र. मग सारख्या तोंडवळ्याची बहीण, कधी कधी तर फोटोसुद्धा चालून जातो.

मग करायचं काय?

गटाच्या पुढच्या बैठकीत आपापला फोन तपासा. डोळे मिटून बघा, बहिणीचा चेहरा दाखवून बघा, दुसऱ्या फोनवरचा आपला फोटो दाखवून बघा. उघडला, तर सेटिंग्जमध्ये जाऊन चेहऱ्याची नोंद काढून टाका. काही फोनांत ‘डोळे उघडे हवेत’ अशी सोय असते, ती चालू करा.

पिन सहा आकडी ठेवा. चार आकड्यांचे १० हजार पिन होतात, सहा आकड्यांचे १० लाख. जन्मसाल किंवा १२३४५६ नको. पैशांच्या ॲपचा पिन वेगळा ठेवा. आणि मेसेजमधला मजकूर बंद पडद्यावर दिसणार नाही, असं करून घ्या.

पिन कुणाला कळला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे, की गटाचा व्यवहार ज्या फोनवर, त्या फोनला नुसती कडी नको, कुलूप हवं. तुमच्या गटातही हे बोला, मैत्रिणींनो.