खेळातला खलपुरुष

(द्वितीय वर्ष, कला)

गावच्या जत्रेतले नाटक बसवताना सावकाराचे काम कोण करणार, यावर आमच्याकडे दरवर्षी अडते. नायक व्हायला दहा जण तयार असतात. खलनायक व्हायला कोणी पुढे येत नाही. माझी आई म्हणते, "देवाच्या दारात वंगाळ बोलू नये, तोंडाला सवय लागते." तिच्या या बोलण्याचा विचार मी कधी केला नव्हता. गेल्या वर्षी एका निराळ्याच खेळाने तो करायला लावला.

हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. रंगमंच नाही, पाठांतर नाही, प्रेक्षकही नाहीत. एक जण सूत्रधार होतो. गाव, रान, वाडा, शत्रू सारे तो शब्दांनी उभे करतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलतात. बेत साधला की फसला, हे बहुधा फासा ठरवतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि तेथून हा प्रकार पसरला. पुढे त्यात पात्र सुष्ट, दुष्ट की मधले, हे आधीच कागदावर लिहू लागले.

पण माणूस असा एका शब्दात मावतो का? १९९१ च्या 'व्हँपायर: द मास्करेड' या खेळात खेळाडू स्वतःच रक्तपिपासू होतो. त्याच्या कागदावर माणुसकीचा आकडा असतो. क्रूर कृत्यांनी तो घसरत जातो. शून्यावर आला की ते पात्र त्याच्या हातून जाते. १९९४ च्या 'रेथ: द ऑब्लिव्हियन'मध्ये तर आपल्या पात्राच्या मनातली काळी बाजू दुसराच खेळाडू बोलतो. आपण भल्या मार्गाने निघालो की तो कानाशी लागतो, "घे की, कोण बघतंय?"

हिंजवडीत नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाच्या खोलीवर आम्ही चौघे हा खेळ मराठीतून खेळलो. गोष्ट आमच्यासारख्याच एका गावाची होती. मी जमिनीचा एजंट झालो. मुळशीकरांना हे पात्र काही नवे नाही. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटानंतर ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. माझा एक मित्र शेतकरी झाला होता. मी त्याला म्हणालो, "दादा, पोराच्या शिक्षणाचं बघा. ही तर नुसती इसाराची सही." फासा माझ्या बाजूने पडला. त्याने सही केली.

वाचकहो, ते वाक्य माझे नव्हते. मी लहान असताना आमच्या ओसरीवर बसून एका माणसाने वडिलांना ते ऐकवले होते. दीड एकर गेली. आणि तेच वाक्य बोलताना मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या शब्दांनी आमचे घर हरले, ते शब्द एकदा जिंकणाऱ्याच्या बाजूने बोलायला मिळाले होते. मित्र मात्र उठून गॅलरीत गेला. त्याच्या घरीही तसेच घडले होते. मला ते माहीत नव्हते.

त्या रात्री मला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ साली रंगभूमीवर आलेले नाटक आठवले. त्यात शहरातली हौशी मंडळी एका गावी प्रयोगाला येतात. वेळ जावा म्हणून खोटा खटला मांडतात आणि बेणारेबाईंना आरोपी करतात. बघता बघता त्यांचे खरे खाजगी आयुष्यच पिंजऱ्यात उभे राहते. एरवी साधी वाटणारी ती माणसे न्यायाधीश, वकील, साक्षीदार झाली की क्रूर होतात. ती क्रूरता भूमिकेने त्यांना दिलेली नसते. ती आतच असते. 'हा तर खेळ' एवढे निमित्त तिला पुरते.

म्हणून मला वाटते, काळे पात्र रंगवणे वाईट नाही. न विचारता दुसऱ्याच्या जखमेवर ते रंगवणे वाईट. नाटकात संहिता असते, आज सावकार काय बोलणार हे समोरच्या नटाला ठाऊक असते. या खेळात संहिता नाही, म्हणून करार हवा. कोणता विषय नको, हे जाणते खेळाडू आधीच बोलून घेतात. काही ठिकाणी टेबलावर फुली काढलेले एक कार्ड असते. कोणीही त्यावर बोट ठेवले की तो प्रसंग तेथेच सोडायचा. कारण विचारायचे नाही. आम्हीही आता तसेच करतो. खेळ संपला की चहा घेतो आणि एकमेकांना आपापल्या खऱ्या नावाने हाक मारतो.

त्या खेळाने मला आणखी एक दिले. तो एजंट राक्षस नव्हता. त्याचे बोलणे गोड होते, त्यालाही घरदार असेल, आणि म्हणूनच वडील फसले. त्याच्या जागी बसल्याशिवाय हे मला कळले नसते. इतकी वर्षे मी मनातून वडिलांनाच भोळे म्हणून दोष देत होतो. तो आता देत नाही.

आई म्हणते तशी तोंडाला सवय लागत असेलही. पण ते शब्द एकदा तोंडात घोळवले, की पुन्हा कोणी ओसरीवर येऊन बोलला तर कानाला लगेच ओळखू येतील. यंदा जत्रेत सावकाराचे काम मी मागून घेतले आहे. आईला अजून सांगायचे आहे.