घाटापलीकडची मुलांची शाळा

मालवणहून आंबोलीचा घाट चढून बेळगावात गेले की कॅम्पात सेंट पॉल्स हायस्कूल आहे, १८५६ पासूनचे. दक्षिणेला बांद्यापलीकडे गोव्यात उतरले की म्हापशात सेंट ब्रिटो आहे. ती १९४६ ची. मुंबईकडे वळावे तर वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, धोबीतलावाजवळची सेंट झेवियर्स १८६९ ची. पुण्याच्या कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची. या सगळ्या जेझुइट या कॅथलिक संघातल्या पाद्र्यांच्या शाळा आणि सगळ्या मुलग्यांच्या म्हणूनच नावारूपाला आल्या. या वर्तुळाच्या मधोमध असलेल्या सिंधुदुर्गात चर्चेस आहेत, गोव्याशी रक्ताचे नाते असलेला ख्रिस्ती समाज आहे आणि चर्चच्या नावाने चालणाऱ्या शाळाही आहेत. पण सावंतवाडीचे मिलाग्रीस हायस्कूल घ्या किंवा मालवणची रोझरी इंग्लिश स्कूल घ्या, तिथे मुलगे आणि मुली एकाच वर्गात बसतात. हा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आला तर ‘लहान गावात परवडले नसेल’ एवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते त्या उत्तरात अर्धेच सत्य आहे. या किनाऱ्यावरून पाहिले तर कॅथलिक मुलांच्या शाळेबद्दलचा एक मोठा गैरसमज दूर होतो. मुलींना प्रवेश नसणे हा त्या परंपरेचा गाभा कधीच नव्हता. ज्या परिस्थितीत त्या शाळा उभ्या राहिल्या, तिचा तो परिणाम होता.

ती परिस्थिती नीट पाहिली पाहिजे. १७५९ साली पोर्तुगालने आपल्या राज्यातून, म्हणजे गोव्यातूनही, जेझुइटांना हाकलले. १७७३ मध्ये पोपने त्यांचा संघच बरखास्त केला आणि १८१४ मध्ये तो पुन्हा उभा केला. त्यानंतर ते पश्चिम भारतात परतले ते गोव्याच्या वाटेने नव्हे, ब्रिटिश मुंबईच्या वाटेने, १८५० च्या दशकात. मुंबईचे काम तेव्हा स्विस कॅपुचिन बिशप अनास्तासियस हार्टमान पाहत होते आणि त्यांना शिकवणारी माणसे हवी होती. नेमक्या त्याच सुमारास, १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे दार उघडले आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर मॅट्रिकची परीक्षा हे सगळ्या हायस्कुलांचे लक्ष्य ठरले. बेळगाव आणि पुण्याच्या छावण्यांत आयरिश कॅथलिक सैनिक होते. शहरांत अनाथ मुलगे होते, कारकुनी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलेली कुटुंबे होती. अनुदान, परीक्षा आणि नोकरी या तिन्ही गोष्टी त्या काळी मुलग्यांभोवती फिरत होत्या. शिकवणारेही ब्रह्मचारी पुरुषांच्या संघातले. शाळेच्या आवारातच त्यांचे निवासस्थान आणि बऱ्याचदा वसतिगृहही. मुलींकडे चर्चचे दुर्लक्ष होते असे नाही. पुण्यात कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी १८६० मध्ये, म्हणजे सेंट व्हिन्सेंट्सच्या सात वर्षे आधी निघाले. मुलींच्या शाळा जोगिणींच्या संघांनी चालवायच्या, मुलग्यांच्या पाद्र्यांच्या संघांनी, अशी ही कामाची वाटणी होती. दोन वेगळे संघ, दोन वेगळे निवास, म्हणून दोन वेगळ्या शाळा.

आता या शाळांची परंपरा म्हणून जे सांगितले जाते ते तपासू. जेझुइटांच्या शिक्षणाची चौकट १५९९ सालच्या ‘रॅशिओ स्टुडिओरम’ या नियमसंहितेत आहे. कोणता विषय कधी शिकवायचा, धडा आधी शिक्षकाने कसा उलगडायचा, मग विद्यार्थ्यांनी तो पाठ करून, वाद घालून आणि लिहून कसा पक्का करायचा, हे सारे त्यात ठरवलेले आहे. वर्गाचे दोन तट पाडून एकाला रोम आणि दुसऱ्याला कार्थेज म्हणायचे, दोघांत उजळणीच्या स्पर्धा लावायच्या, ही युरोपातल्या त्यांच्या शाळांतली जुनी रीत. आपल्याकडच्या शाळांतली ‘हाउस’ पद्धत, तिचे रंग, तिची ढाल, तिचे कॅप्टन या गोष्टी इंग्रजी निवासी शाळांतून आल्या, पण त्यांच्यामागची चढाओढीची कल्पना जेझुइटांना मुळीच परकी नव्हती. त्यात भर पडली वक्तृत्वाची, नाटकाची, संरक्षक संताच्या सणाची, क्रीडादिनाची, कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी नीतिपाठ या दुहेरी तासाची, आणि माजी विद्यार्थ्यांच्या घट्ट संघटनेची. वर्गात बहुसंख्य मुले हिंदू, पारशी, मुसलमान असतानाही ही घडी टिकली. सुनील गावसकर सेंट झेवियर्समधून घडले. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसने हॉकीला खेळाडूंची मोठी रांग दिली. ही यादी पुन्हा वाचली तर कळते की यातल्या एकाही गोष्टीला वर्गात फक्त मुलगे असण्याची गरज नाही. नाटकात तर मुली नसल्याने मुलग्यांना स्त्रीभूमिका कराव्या लागत. पण पुरुषच स्त्रीभूमिका करतात तो दशावतार पाहणाऱ्या मुलखाला त्याचे अप्रूप कसले?

सिंधुदुर्गात वेगळे का घडले? पहिले कारण चर्चच्या रचनेत आहे. सावंतवाडी संस्थानातला ख्रिस्ती समाज गोव्यातून आलेला, आणि इथली चर्चेस दीर्घकाळ मुंबईच्या जेझुइट मिशनशी नव्हे तर गोव्याच्या धर्मप्रांताशी जोडलेली होती. इथला पाद्री हा गावाचा पाद्री; त्याच्यामागे युरोपातून माणसे आणि पैसा आणणारा संघ नव्हता. जेझुइट परतले तेव्हा ते बंदरे, छावण्या आणि रेल्वेच्या शहरांत परतले. हा किनारा त्यांच्या वाटेवर नव्हता. दुसरे कारण लोकवस्तीचे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे १६३ माणसे. वाड्या डोंगर-खाड्यांनी विलग झालेल्या, आणि त्यांतला ख्रिस्ती समाज तर मोजकाच. अशा वस्तीत मुलगे-मुलींना वेगळे करणे म्हणजे दोन अर्धवट शाळा काढणे. तिसरे कारण स्थलांतराचे. इथला पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला जातो, ख्रिस्ती घरांतला तर पुष्कळदा बोटीवर. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. ज्या घराचा रोजचा व्यवहार, शेत, बाग, मनिऑर्डर आणि मुलांचे शिक्षण बाईच्या हाती असते, तिथे मुलीला शाळेबाहेर ठेवणे घराला परवडत नाही. म्हणून जेव्हा चर्चने इथे शाळा काढली तेव्हा ती सर्वांसाठी काढली. २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हाही त्या रीतीत फरक पडला नाही. चर्च तेच, उपासना तीच. परिस्थिती वेगळी, म्हणून शाळा वेगळी.

यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा येईल, आणि तो कच्चा नाही. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या आपल्या शिक्षणविषयक पत्रात सहशिक्षणाची पद्धत चुकीची आणि ख्रिस्ती शिक्षणाला घातक ठरवली होती. मग मुलांची वेगळी शाळा ही निव्वळ सोय होती असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर काळाच्या क्रमात आहे. बेळगाव, वांद्रे, माझगाव, पुणे आणि धोबीतलाव या पाचही ठिकाणच्या शाळा या पत्राच्या साठ ते त्र्याहत्तर वर्षे आधीच्या आहेत. चालत आलेल्या व्यवस्थेला मागाहून तत्त्वाचे बळ दिले गेले. शिवाय खुद्द जेझुइटांच्या मूळ नियमावलीत स्थळ, काळ आणि माणसे पाहून जुळवून घ्यावे ही सूचना वारंवार येते, आणि त्यांनी ती पाळल्याचा सर्वांत मोठा पुरावा मराठीतच आहे. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा पुराणाच्या घाटात, ओवीछंदात, मराठीत लिहिली. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. ज्या संघाने धर्मग्रंथ सांगण्याची भाषा आणि छंद देशाप्रमाणे बदलला, त्याने वर्गाची रचना मात्र बदलू नये, असा आग्रह त्याच्याच नावाने धरता येत नाही. आणि त्या संघाने तो धरलाही नाही. १९७३ मध्ये स्पेनमधल्या वालेन्सिया येथे संघप्रमुख पेद्रो अरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांसमोर सांगितले की दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे घडवत नसेल तर आपले शिक्षण अपुरे आहे. संघाच्या १९९५ च्या महासभेने स्त्रियांच्या चर्चमधील आणि समाजातील स्थानावर स्वतंत्र ठराव केला. भारतातल्या अनेक जेझुइट शाळा आज सहशिक्षणाच्या आहेत.

दुसरा आक्षेप निकालांचा. मुलींशिवाय मुलगे जास्त लक्ष देऊन शिकतात, मैदानावर जास्त राबतात, शिस्तीत राहतात, असे या शाळांचे चाहते सांगतात आणि पुरावा म्हणून त्यांच्या यशाकडे बोट दाखवतात. पण त्या यशात निवडलेले विद्यार्थी, शहरी पालक, पूर्णवेळ राबणारे शिक्षक आणि मोकळी मैदाने हेही धरावे लागते. २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा आणि सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्या अभ्यासांनी विद्यार्थ्यांच्या पार्श्वभूमीतला फरक वजा केला होता, त्यांत वेगळ्या शाळांचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. खेळाबाबतचा दाखला तर मालवणपर्यंत येतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिनच्या नाबाद ३२६, विनोदच्या नाबाद ३४९. समोरचा संघ होता सेंट झेवियर्सचा. धावा करणारी शारदाश्रम विद्यामंदिर ही मिशनची शाळा नव्हती, आणि तिच्या मुलांना घडवणारे रमाकांत आचरेकर जन्माने मालवणचे. एका सामन्यावरून कोणतीही शाळा लहान ठरत नाही, आणि सेंट झेवियर्स तर नाहीच. पण शाळेचे क्रिकेट हे जाणता शिक्षक, रोजचा सराव आणि भरपूर सामने यांवर उभे राहते, एवढे त्यातून नक्की दिसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. वाढत्या वयात मुलग्यांना आपल्यासारख्यांत मोकळेपणाने चुकायला, रडायला, गायला, नाटकात काम करायला एक जागा लागते. मुलींसमोर ती मिळत नाही, असे म्हणतात. या गरजेला मी नाकारत नाही. मात्र ती वर्गाबाहेर भागवता येते. संघात, वसतिगृहात, गायनवृंदात किंवा स्काउटच्या तुकडीत ती जागा मिळू शकते. त्यासाठी गणिताच्या तासाला अर्ध्या समाजाला दाराबाहेर ठेवावे लागत नाही. उलट मुलींसमोर गप्प होणाऱ्या मुलग्याला त्यांच्यासोबत बोलायला शिकवणे हे शाळेचेच काम आहे. नाहीतर तो ते नोकरीत, संसारात शिकणार, आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजायला लावणार. मुलींच्या वेगळ्या शाळांचा मुद्दा मात्र मी वेगळा ठेवतो. ज्या काळी घरचे लोक मुलीला मिश्र वर्गात पाठवायला तयारच नव्हते, तेव्हा जोगिणींच्या शाळांनी तिला शिक्षणात आणले. तिथला वेगळेपणा दार उघडण्यासाठी होता. मुलग्यांना असे बंद दार कधीच भेटले नव्हते, म्हणून तेच समर्थन त्यांच्या शाळांना लावता येत नाही.

मग जुन्या शाळांनी काय जपावे? मैदानाची वेळ, वक्तृत्वाची सवय, शिक्षकाने प्रत्येक मुलाला नावानिशी आणि स्वभावानिशी ओळखण्याची रीत, आणि गरिबाच्या मुलाला फी माफ करून वर्गात आणण्याची जबाबदारी. सेंट स्टॅनिस्लॉसची सुरुवात अनाथ मुलग्यांच्या आश्रमातून झाली होती. त्या शाळेचा खरा वारसा तो आहे, आणि तो जपण्यासाठी मुलींना दूर ठेवावे लागत नाही. सिंधुदुर्गातल्या चर्चच्या शाळांनीही आपल्याकडे काही कमी आहे अशी समजूत बाळगू नये. बेळगाव किंवा मुंबईच्या शाळांसारखी दीडशे वर्षांची कीर्ती त्यांच्याकडे नाही, हॉकीपटूंची रांग नाही, श्रीमंत माजी विद्यार्थ्यांची संघटना नाही. त्या गोष्टी मिळवाव्यात, त्यासाठी मोठ्या शाळांकडून शिकावे, पैसे मागावेत, शिक्षक मागावेत. पण एका बाबतीत हा जिल्हा मोठ्या शहरांच्या पुढे होता. जे पत्करायला मोठ्या संघांना शतकभर लागले, ते इथल्या पाद्र्यांनी आणि पालकांनी, परिस्थितीने का होईना, आधीच केले. परिस्थितीने घडवलेली पद्धत जर न्यायाची निघाली, तर तिला नाइलाज म्हणण्याचे कारण उरत नाही. तिला धोरण म्हणावे आणि ते ठामपणे चालवावे.